पंपाची आंघोळ

आमच्या घरी खंडेनवमीला एका मेलेल्या माणसाच्या कोयत्याची पूजा होते आणि एका जिवंत बाईच्या हत्यारांची होत नाही. ती जिवंत बाई म्हणजे मी. मेलेला माणूस म्हणजे माझे सासरे गोरक्षनाथ. देव त्यांना सुखात ठेवो, कारण इथं होते तोवर त्यांनी दुसऱ्या कुणाला फारसं ठेवलं नाही. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्या कोयत्यानं उसाचं एक कांडं तोडलेलं नाही, तरी दर वर्षी माझी सासू भीमाबाई, जिला मी आत्या म्हणते, ती त्याला चिंचेनं घासून लख्ख करते आणि पाटावर पहिला मान देते. त्याच्या शेजारी माझ्या नवऱ्याचं, करणचं, ड्रिल मशीन. मग टेस्टर, पक्कड, हातोडी. शेवटी स्वयंपाकघरातली विळी. विळीलासुद्धा कुंकू लागतं. माझी पिशवी मात्र खाटेखाली.

मी एसी मेकॅनिक आहे. श्रीरामपूरच्या आयटीआयमधून रीतसर शिकलेली. राहुरीत आमचं दुकान आहे, त्यावर 'करण इलेक्ट्रिकल्स अँड कूलिंग' असं लिहिलंय. इलेक्ट्रिकल्स करणचं, कूलिंग माझं. वायरिंगमध्ये तो हुशार आहे, पण गॅसच्या मशीनला तो हात लावत नाही आणि मी लावू देत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी आपली नवी नवरी, नट आवळायचे पाने आणि दाब मोजायचे गेज पुसून पाटाजवळ नेले होते. आत्या म्हणाली, "बायांची कुटं हत्यारं आसत्यात? ती करनचीच की. तू नुस्ती वापरतीस." मी ते उचलून परत पिशवीत टाकले. दुसऱ्यांदा विचारायचं नाही असं त्याच दिवशी ठरवलं, आणि हट्टात मी कुणाला हार जात नाही. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी मी मुद्दाम कुठलं तरी काम काढते आणि घराबाहेर पडते. अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मला चिमूटभर कुंकू हवं होतं, तेही स्वतःच्या कपाळाला नाही, आणि ते मागायचं नव्हतं. असं लिहून बघितलं की मलाच माझा राग येतो, पण आहे ते आहे.

आता पंपाबद्दल. ज्यांना कंटाळा येणार असेल त्यांनी उठून चहा टाकावा, पण लवकर परत यावं.

एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडल्या की त्यांच्यात हवा राहते आणि हवेत ओल असते. ती तशीच ठेवून गॅस सोडला तर ओल आणि कॉम्प्रेसरमधलं तेल मिळून आत आंबट काही तरी तयार होतं आणि ते मशीनला आतून खात बसतं. म्हणून गॅसच्या आधी व्हॅक्यूम पंप लावायचा. तो नळ्या इतक्या रिकाम्या करतो की आतलं पाणी न तापवताच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर येतं. आमच्या भागातले निम्मे मिस्त्री हे करत नाहीत. ते थोडा गॅस सोडतात, नटापाशी 'फुस्स' असा आवाज होऊ देतात, नट आवळतात आणि चहा मागतात. त्यातले जरा शहाणे जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून त्यालाच पंप म्हणतात. सहा वर्षं मीही तेच केलं, उगाच खोटं कशाला बोलू. तो ओढतो, पण अर्धवट ओढतो आणि आपण पूर्ण ओढलं असं सांगतो. असलं माणूस घरात एखाददुसरं असतंच, हत्यारांतही कशाला हवं?

दोन वर्षांपूर्वी मी नवा पंप घ्यायचं ठरवलं. करणला घेऊन नगरला गेले. कागदावर आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच. दुकानदारानं पंप काढला आणि करणच्या हातात दिला. करणनं तो माझ्या हातात दिला. दुकानदारानं माझ्या हातातून घेऊन तो परत करणला दिला. हे दोनदा झालं. शेवटी मी पंप काउंटरवर ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवून विचारलं, "सिंगल स्टेज आहे का डबल?"

"ताई, सगळे सारखेच असतात. पण हा रंगानं भारी आहे."

"मायक्रॉन किती गाठतो?" म्हणजे नळीत शेवटी किती हवा उरते, त्याचं माप.

"मायक्रॉन का?" त्यानं करणकडं बघितलं. करणनं वर पंख्याकडं बघितलं. "कंपनी देतीच की ते."

"लाइट गेल्यावर तेल मागं चढू नये म्हणून व्हॉल्व्ह आहे?"

"लाइट कशाला जाईल?"

राहुरीत काम चालू असताना लाइट जाणार नाही असं ज्याला वाटतं त्याच्याकडून पंप घ्यावा का, हा खरं तर प्रश्नच होता. लाइट गेली की रिकाम्या नळ्या पंपातलंच तेल स्वतःकडं ओढून घेतात, मग धूत बसा. तो मला सर्वांत मोठा पंप गळ्यात मारायला बघत होता. मी म्हटलं, घराघरांतली दीड टनाची मशीनं करते, सिनेमा थिएटर नाही. आणि एवढं धूड घेऊन गच्चीची शिडी तू चढणार का? शेवटी मागच्या फडताळातून मला हवा तो निघाला. मध्यम आकाराचा, डबल स्टेजचा, मागं चढणारं तेल अडवणारा, ओलीची वाफ बाहेर सोडायची छोटी चावी असलेला, आणि तेल दिसावं म्हणून पोटाला काचेची खिडकी. रंग साधाच होता. तो मी उचलला.

जेवढा पारखून घेतला तेवढाच जपलाही. पंपाचं अर्धं आयुष्य त्याच्या तेलात असतं. तेल मधासारखं स्वच्छ असेल तर पंप तरुण, काळं झालं तर म्हातारा, पांढुरकं झालं तर पाणी शिरलं. दर आठ-दहा कामांनी मी तेल बदलते, तेही पंप गरम असताना, म्हणजे घाण सगळी निघते. काम झालं की धूर सोडायच्या तोंडावर टोपण लावते. आडवा कधी ठेवत नाही. करण एकदा म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त त्याला जपतीस." मी म्हटलं, "तो घोरत नाही."

तर यंदाची खंडेनवमी. मी ठरल्याप्रमाणे घराबाहेर. श्रीरामपूरला शॅरन म्हणून माझी आयटीआयची मैत्रीण आहे, तिचं स्वतःचं दुकान आहे. ख्रिस्ती असल्यामुळं तिच्याकडं खंडेनवमी नसते, आणि लग्न न केल्यामुळं सासूही नसते, दोन्हीकडून सुखी. एका मशीनमधून घरात पाणी गळत होतं, त्यासाठी तिनं मदतीला बोलावलं होतं. नुसतं पाइप साफ करायचं काम, म्हणून पंप आणि गेजची पिशवी घरीच ठेवली, किरकोळ हत्यारं तेवढी डब्यातून नेली. संध्याकाळी परत आले तेव्हा पूजा होऊन गेली होती. मी पाटाकडं बघितलं नाही. जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी दसरा. आत्याच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवलं, पाया पडले. ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली, जणू मी काही तरी विचारणार आहे. मला काय विचारायचं होतं? मी पुरणपोळी वाढायला घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुष्पावतीचा फोन आला. मुळा धरणाच्या वाटेवर त्यांची वस्ती आहे आणि तिथं तिनं आळंब्यांची खोली केलीय, पांढऱ्या बटणांसारख्या असतात ना, त्या. भिंतींना आतून थर्माकोल, मांडण्यांवर खतानं भरलेल्या पिशव्या. आळंबी वर यायला खोली सतरा-अठरा अंशांवर लागते, आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन. एसी सुरुवातीला कल्याण मिस्त्रीनं बसवला होता, म्हणजे 'फुस्स' पद्धतीनं. रात्रीतून गॅस निघून गेला होता. पुष्पावतीनं पहाटेच कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणून खोलीत टेबलफॅनपुढं मांडल्या होत्या.

"ताई, बर्फ संध्याकाळपर्यंत टिकंल," ती म्हणाली. "त्याच्या आत मशीन चालू झालं पायजे. बगा की, आताच वर आल्यात."

बघितलं तर पिशव्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके उमटले होते. ते बघून खरंच बरं वाटलं. कल्याणनं नटाजवळ नळीचं तोंड चिरून ठेवलं होतं, तिथूनच गॅस जात होता. मी तेवढा तुकडा कापला, तोंड नव्यानं केलं, नायट्रोजननं दाब भरून गळती नाही ना ते बघितलं. दहा वाजले होते. आता पंप लावायचा, अर्धा-पाऊण तास चालवायचा, गॅस भरायचा, दुपारच्या जेवणाला घरी. हत्यारांचा डबा बाजूला सारला आणि मी पंपाच्या पिशवीची चेन उघडली.

पंपाला कुंकू लागलं होतं.

पाच बोटं, व्यवस्थित, मोटारीच्या पाठीवर. हळदीचा टिळा. मुठीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या आणि खिडकीच्या कडेला दोन अक्षता चिकटलेल्या. गेजलाही कुंकू. पिशवीतल्या जुन्या पान्यालाही. मी तिथंच पत्र्याच्या सावलीत खाली बसले. मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही, कांदा कापतानाही मी कांद्यालाच शिव्या देते, पण आलं.

पुष्पावती धावत आली. "काय झालं वो ताई?"

"माझी सासू," मी म्हटलं.

"आगं बया! कवा वारल्या?"

"वारल्या नाहीत हो. सुधारल्या."

डोळे पुसले, पंपाला मनातल्या मनात हात जोडले, नळ्या लावल्या आणि बटण दाबलं. पंप घरघरला. मग खोकला. त्याच्या तोंडातून पांढरी वाफ आली आणि गेजचा आकडा पाच हजार मायक्रॉनच्या वर जाऊन बसला. तो पाचशेच्या खाली यायला हवा. दहा मिनिटं झाली, वीस झाली, आकडा हलेना. मला वाटलं गळती राहिली. सगळे नट परत तपासले. मग कुंकवाच्या पलीकडं जरा वाकून मी ती काचेची खिडकी बघितली.

आत ताक होतं. म्हणजे तेलच, पण पाणी मिसळून अगदी ताकासारखं झालेलं. पोटात पाणी असलेला पंप स्वतःचंच पाणी उपसत बसतो, नळ्यांकडं लक्ष द्यायला त्याला फुरसत नसते. आणि पाणी पंपात आपोआप जात नाही. कुणी तरी टोपण काढून नळाखाली धरला तरच जातं. खंडेनवमीला हत्यारं धुतात. कोयता धुतात, विळी धुतात, नांगराचा फाळ धुतात. आमच्या घरात दुसरं कोण धुणार?

एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि पंपावरचं कुंकू पुसायची हिंमत होत नव्हती. दोन्ही एकदम वाटत होतं आणि बर्फ वितळत होता.

पिशवीत तेलाची अर्धीच बाटली होती. तेवढ्यानं भागणार नव्हतं. घाण तेल काढायचं, नवं घालायचं, चावी उघडी ठेवून पंप गरम होईपर्यंत चालवायचा, परत काढायचं, असं तीनदा तरी केल्याशिवाय पाणी जात नाही. मी करणला फोन लावला. कामावर मी त्याला करण म्हणते, घरी आत्यासमोर 'अहो'.

"करण, फळीवरच्या दोन बाटल्या तेल घेऊन लगेच वस्तीवर ये."

"का? काय झालं?"

"पंप कुणी धुतला?"

"येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. माणूस एवढ्या पटकन येतो म्हणाला की समजायचं, त्याला सगळं माहीत होतं.

तो अर्ध्या तासात आला. मागं आत्या बसली होती, दोन बाटल्या मांडीवर घेऊन, पदर डोक्यावर, चेहरा देवळात निघाल्यासारखा. गाडीवरून उतरता उतरताच म्हणाली, "बिगडंल कसा? मी सोता पुजलाय त्याला."

मी करणकडं बघितलं. "तू तिथं होतास?"

"होतो."

"मग?"

"आई नळाखाली धरत होती. मी म्हणणारच होतो, पण ती एवढी मन लावून घासत होती..."

"आन काय झालं घासलं तर?" आत्या मध्ये पडली. आपल्या सुनेनं नवऱ्याला सरळ 'तू' म्हटलं हे तिच्या लक्षातही आलं नाही, एवढी ती पंपाच्या बाजूनं तावातावानं उभी राहिली होती.

"आत्या," मी म्हटलं, "तुमी पंप मारला."

"मारला? आगं, आंगुळ घातली त्याला!"

"तेच. कोयता धुवा, विळी धुवा. याच्या पोटात तेल असतं. पाणी गेलं की संपला."

"मला काय म्हाईत पोटात काय आसतं? बूच निगालं तर आत तेल दिसलं. लई कमी हाय म्हनून पळीभर तिळाचं घातलं वरनं. दिव्यातलंच हुतं, काय वंगाळ न्हाई." ती आता स्वतःच चिडली. "बाहेरनं लई चिकाट हुता. दात घासायच्या बुरशानं घासला. तुजं हत्यार म्हनून कोयत्यापरीस जादा घासला, आन तू मलाच वरडतीस व्हय?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

"परत म्हणा," मी म्हटलं.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

"बुरशानं घासला."

"त्याच्या पुढचं."

"तिळाचं तेल?"

"आत्या!"

तिनं तोंड दुसरीकडं केलं. "एकदा म्हनलं की म्हनलं. सारखं काय म्हनायचं?" मग बाटल्या माझ्यापुढं आदळून म्हणाली, "कर नीट आता. ती बाई तिकडं बर्फाचं पानी पुसत बसलीया."

मी पंपाखाली जुना डबा ठेवला आणि नट काढला. पांढरं पाणी-तेल भकाभका बाहेर आलं, वर तिळाच्या तेलाचा खमंग वास. वस्तीवरचं कुत्रं येऊन डब्याभोवती घोटाळायला लागलं. आत्याला मी नरसाळं धरायला लावलं. "तुमी घाण केली, तुमीच धरा." ती मुकाट्यानं बसली आणि दोन्ही हातांनी नरसाळं धरून राहिली. पहिलं तेल घातलं, पंधरा मिनिटं चालवलं, काढलं. दुधासारखं. दुसरं घातलं. ते चहाच्या पहिल्या पाण्यासारखं निघालं. दर वेळी आत्या खिडकीला डोळा लावून बघायची आणि काही तरी निकाल द्यायची. "आजून हाय." "आता जरा बरं हाय." "ह्याच्या पोटात लई मावतं गं."

तेवढ्यात पुष्पावतीचे मालक अजिनाथ रानातून आले. पत्र्याखाली दोन बायका, एक कुत्रं आणि एक गडी बसलेला बघून ते सरळ गड्याकडं गेले. करण तेव्हा बाटल्यांची टोपणं गोळा करत होता.

"मिस्त्री, किती टाइम लागंल? आन झालंय काय नेमकं मशीनला?"

करण माझ्याकडं बघायला लागला. मी तोंड उघडायच्या आधी आत्या नरसाळं न सोडता म्हणाली, "त्याला काय इचारता? त्यो निस्ता मला घिऊन आलाय गाडीवं. मिस्त्री ही हाय."

अजिनाथ गोंधळून म्हणाले, "न्हाई, म्हंजी पंप त्यांचा आसंल म्हनून..."

"पंप बी हिचाच हाय," आत्या म्हणाली. "मी पुजलाय ना, मला म्हाईत न्हाई व्हय?"

मी खाली मान घालून नट आवळत राहिले. नट आधीच आवळलेला होता.

तिसऱ्या वेळचं तेल मधासारखं राहिलं. पंपाची घरघर गेली, आवाज सुतासारखा सरळ झाला. आकडा उतरायला लागला. पाच हजार, दोन हजार, नऊशे. आत्याला वाचता येत नाही, पण आकडे तिला कळतात. काट्यावर उसाचं वजन बघून बघून शिकली. साडेचारशेला मी पंप बंद केला आणि आकडा वर चढत नाही ना ते बघत बसले. चढला नाही. गॅस वजन करून भरला. पावणेचारला मशीन चालू केलं आणि खोलीत सगळ्यांत खालच्या मांडणीपाशी हात धरून बघितलं. बर्फाच्या लादीतलं एक उशीएवढं ढेकूळ अजून शिल्लक होतं. पुष्पावतीनं एक पिशवी मला दाखवली. ठिपके तसेच होते, पांढरेशुभ्र.

मग चहा आला. करण मोटारसायकलीवर बसून पीत होता, आम्ही दोघी पत्र्याखाली. नरसाळं खाली ठेवल्यावर मला दिसलं की आत्याच्या बोटाला चिंधी बांधलीय.

"हे काय झालं?"

"कोयत्यानं कापलं. नवमीला. घासता घासता पात्यावं बोट गेलं." तिनं चिंधी फिरवून नीट केली. "लई रगत आलं. म्हनलं, मेला तरी कापतुयाच."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

"तू इचारनार न्हाईस म्हनून सांगते," ती म्हणाली. "दसरा झाला की आमी ऊसतोडीला निगायचो. मुकादम इचारायचा, किती कोयते? नवरा-बायकू मिळून येक कोयता. त्यो तोडायचा, मी मोळ्या बांदायची. मोळी डोक्यावं घिऊन फळीवरनं टरकात चढायची. पोटात करन हुता तवा बी चढले. तरी मोजताना येकच कोयता. आन नवमीला त्याच्या कोयत्याला हळद-कुंकू कोन लावायचं? मीच." तिनं बशीत चहा ओतला. "माजं हत्यार म्हंजी डोक्यावरची चुंबळ. जुन्या लुगड्याची. चुंबळीला कोन कुंकू लावतंय? बोट कापलं तवा त्ये समदं डोक्यात आलं. कोयता तसाच टाकला पाटावं आन खाटंखालनं तुजी पिशवी वडली."

अकरा वर्षं मी हिच्यावर रुसून बसले होते आणि ही माझ्या कितीतरी आधीपासून त्याच पाटासमोर बसलेली होती, हे मला कधी दिसलंच नव्हतं. लाज वाटली. पण माझं मन धावतं भारी. तेवढ्यात मी पुढच्या वर्षीचा पाट मांडूनही मोकळी झाले. मधोमध ती चुंबळ, तिच्यावर झेंडूचं फूल, कोयता पार कडेला.

"आत्या, ती चुंबळ कुठाय?" मी विचारलं. "ट्रंकेत असंल ना?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, पंप धुतला तेव्हाही तिचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर असणार.

"येडी का खुळी तू? ती कशाला ठेवू? ज्या दिवशी तोडीला जायाचं बंद केलं, त्याच दिवशी चुलीत घातली. लुगड्याची हुती, लई ब्येस जळली. तिच्यावं कपभर चा झाला, आन तुज्या सासऱ्याला न इचारता येकटीनं पेला."

आणि बशीतला चहा संपवून ती उठली आणि पुष्पावतीला आळंब्यांच्या भाजीत खोबरं घालतात का, ते विचारायला गेली.